बोअर नंबर सतरा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला अख्खी कंपनी 'सतरा नंबर' म्हणते. दुसऱ्या एखाद्याला असं आकड्यानं ओळखलं असतं तर तो चिडला असता. आमचे जावईबापू छाती फुगवून चालतात. सतरावा बोअर त्यांनी मारला, त्यात तांबं लागलं, आणि तेव्हापासून पृथ्वीनं आपल्या पोटात काय ठेवायचं ते त्यांना विचारून ठेवलंय, अशा थाटात ते वावरतात.

मी त्याच कंपनीत भूवैज्ञानिक आहे. त्याच्या बऱ्याच आधी लागले. पण मी पडले कोअर शेडमधली, म्हणजे लोकांच्या लेखी गोदामातली बाई. ड्रिलचं यंत्र जमिनीत पोकळ नळी घालतं आणि खालचा खडक मनगटाएवढ्या जाड दांडक्यांच्या रूपात वर काढतं. त्यालाच कोअर म्हणायचं. तो लांबट पेट्यांत ओळीनं मांडायचा, त्यावर पाणी मारायचं, भिंग लावायचं, कुठल्या खोलीला काय दिसलं ते नोंदवायचं, मग करवतीनं उभा चिरून अर्धा लॅबला धाडायचा आणि अर्धा पेटीत ठेवायचा. माझं आयुष्य त्यात गेलं. लग्न केलं नाही. दगड उलट उत्तर देत नाहीत, आणि दिलंच तर खरं देतात.

तर हा प्राणी आमच्या घरात कसा शिरला ते ऐका. नवानवा नोकरीला लागला होता. धाकटी एकदा माझा विसरलेला डबा द्यायला शेडमध्ये आली. ह्यानं लगेच खिशातून मुठीएवढा पायराइटचा तुकडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "निसर्गाचं सोनं," म्हणे. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक, बाकी काही नाही. नुसती झगमग. शाळेतलं पोरही सांगेल. पण धाकटी भाळली. माणसावर भाळली की दगडावर, ते तिलाच माहीत. लग्नानंतर तिनं तो तुकडा काचेच्या कपाटात, स्वतः विणलेल्या रुमालावर मांडला. आता पायराइटला दमट हवा लागली की तो सडतो, त्यातून आम्ल झिरपतं. दोन-चार वर्षांत रुमालाला भोक पडलं, फळी काळी झाली, कपाट उघडलं की गंधकाचा भपकारा. मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या सोन्यानं कपाट खाल्लं." तर हा म्हणतो, "ताई, जिवंत नमुना आहे." जिवंत! नशीब, बाळसं धरलंय म्हणाला नाही.

माझा स्वभाव तिखट आहे, मला ठाऊक आहे. पण ह्या माणसानं त्यात रोज मिरची टाकली.

आता बाबांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्या घरावरून झालं. बाबा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमचं पहिलं घर जुन्या खाणीजवळ होतं. खाणीतला निकामी दगड टाकायला जागा कमी पडली आणि कंपनीनं ते घर ढिगाखाली घातलं. दुसरं घर दिलं, ते गाळाच्या तळ्यात गेलं. त्या घरात आई गेली होती. दोन्ही वेळा कंपनीनं बदली घर दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन्ही वेळा बाबा पुढं कितीतरी महिने संध्याकाळी जुन्या घराच्या दिशेनं चालत जायचे, कुंपणापाशी उभे राहायचे आणि परत यायचे. तिसरं घर त्यांनी टेकडीच्या पश्चिमेच्या पायथ्याशी, कामगारांच्या गल्लीत, स्वतःच्या हातानं बांधलं. दाराच्या चौकटी स्वतः तासल्या. गुडघे गेले, कान मंद झाले, तरी घरातलं बिजागर कुरकुरलं की त्यांना बरोबर ऐकू येतं. "आता इथून मला चौघांनीच उचलायचं," असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे. "कंपनीनं नाही."

जुनी खाण संपत आली होती आणि कंपनी टेकडीवर नवं तांबं शोधत होती. आमची खाण उघडी असते. आधी छपरं जातात, मग माती, मग डोंगरच जातो. म्हणजे तांबं टेकडीच्या पूर्वेला निघालं तर तिथं नुसती झुडपं होती, कुणाचं काही जाणार नव्हतं. पश्चिमेला निघालं तर गल्ली गेली, आणि गल्लीबरोबर बाबा. मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. तिसऱ्यांदा उचललं तर ते कुंपणापर्यंतही चालत जाणार नव्हते.

बाबांचा जीव माझ्यापेक्षा ह्या जावयावर जास्त. कारण काय, तर हा सुट्टीच्या दिवशी मागच्या पायरीवर बसून बाबांचे केस कापायचा. न्हावी वाईट, कात्री बोथट, एका कानावर केस लांब तर दुसऱ्यावर टक्कल, पण बाबा लेथ मशीनची तीच ती गोष्ट सांगायचे आणि हा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं "मग?" म्हणायचा. मी आत भांडी आपटायची. लेकीनं डॉक्टर, औषधं, पाण्याची मोटार सगळं बघायचं आणि कौतुक कुणाचं, तर वाकड्या कात्रीचं!

बरं, आता जरा तांब्याचं सांगते, नाहीतर ह्याची मजल तुम्हाला कळायची नाही. लोकांना वाटतं तांब्याची खाण म्हणजे खाली लालबुंद भिंत असते. छे! आमच्या जातीच्या साठ्याला पॉर्फिरी म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी खोल आतून वितळलेला खडक वर चढला आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आतच थिजला. थिजताना त्यातलं तापलेलं खारट पाणी सुटलं. त्या पाण्यानं आजूबाजूचा खडक तडकवला आणि हजारो केसाएवढ्या भेगांतून जाता जाता तांबं, मॉलिब्डेनम, किंचित सोनं तिथं टाकलं. सगळं विखुरलेलं. टनभर दगड फोडा, पाचेक किलो तांबं मिळेल. सोनं तर चिमटीत धरायलाही पुरणार नाही, डोळ्यांना दिसायची बातच नको. खरी मेख पुढं आहे. ह्या साठ्याला कांद्यासारखे पापुद्रे असतात. बाहेरचा हिरवट, त्याच्या आतला पांढरट, आणि त्या पांढरटात पायराइट असा खच्चून भरलेला की डोळे दिपावेत. तिथं तांबं जवळजवळ नसतं. खरं तांबं सगळ्यात आत, गुलाबी-तपकिरी, मळकट दिसणाऱ्या खडकात. दारात झगमगाट आणि माल माजघरात, असा सगळा कारभार. आणि आमचे जावईबापू जन्मभर दारातच उभे.

सतराव्या बोअरमध्ये मात्र शंभर मीटरहून जास्त लांबीचं सलग तांबं निघालं, आणि तेही चकाकणारं. झालं! पेपरात फोटो. हा मुख्य भूवैज्ञानिक. धाकटीनं फोटोला चौकट केली. मी शेडमध्ये एकटी बसून त्या पेट्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. कोअरच्या एका कडेला एक रेघ होती, आणि ती वरच्या पेटीपासून खालच्या पेटीपर्यंत कोअरच्या लांबीबरोबर चालली होती. आडवी जाणारी रेघ एकही नाही. म्हणजे काय? म्हणजे खाली एक उभी शीर होती, भेगेत भरलेल्या तांब्याची पट्टी, फार तर दोन विती रुंद. बोअरही उभाच मारलेला. तो नेमका त्या शिरेच्या पोटात शिरला आणि आतल्या आत खाली गेला. भिंतीच्या फटीतून मुंगी वरपासून खालपर्यंत उतरली आणि म्हणाली, भिंत म्हणून काही नाहीच, जग म्हणजे सगळी फटच आहे, त्यातली गत.

मी त्याच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, "एक तिरपा बोअर मारा. शीर आडवी कापली की रुंदी कळेल."

"सतरा नंबरवर शंका, ताई?" तो असा बघत राहिला, जणू मी त्याच्या जन्माच्या दाखल्यावरच बोट ठेवलं होतं.

"शंका नाही. खात्री आहे."

"तुमचं शेडमध्ये बसून काम असतं," तो म्हणाला. "मी डोंगर बघतो."

डोंगर बघतो म्हणे! त्यानं पुढं अठरापासून तीसपर्यंत बोअर मारले, सगळे उभे, सगळे सतराच्या आजूबाजूला, आणि सगळे कोरडे ठणठणीत. एकदा म्हणाला, खडक तुटून भ्रंश झाला आणि साठा खाली घसरला. एकदा म्हणाला, वर उचलला गेला आणि झिजून गेला. एकदा म्हणाला, बाजूला सरकलाय. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. पण अंगण खाली गेलं, वर गेलं, बाजूला सरकलं, असं नकाशे काढून सिद्ध करणारा नाचरा मी हाच बघितला. तेव्हाच्या मॅनेजरकडे तक्रार केली तर तो हसला. "घरातली भांडणं घरात, बाई." मेहुणी-जावयाचं भांडण! खडकाला काय नातीगोती असतात?

मग वरून नवे डायरेक्टर आले. हिशोबाचा माणूस, खडकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कोरडे बोअर मोजता येत होते. त्यांनी सांगितलं, शेवटचा एक बोअर, नाहीतर गाशा गुंडाळा. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि तिरप्या बोअरचं सांगितलं. जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण बोअर मंजूर झाला, नंबर एकतीस. पूर्वेच्या उतारावर यंत्र उभं करायचं, नळी पश्चिमेकडं कलती ठेवायची, सतराच्या शिरेला आडवं कापून टेकडीखालून आरपार जायचं. पश्चिमेला नकाशावर सगळा निकामी खडक रंगवलेला होता. आम्ही दोघांनीच तो रंगवला होता, त्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

शीर आली. पेटीच्या एका कप्प्यात मावली, आणि कप्पाही भरला नाही. मी ती पेटी टेबलावर ठेवून त्याला बोलावून घेतलं. सगळी शेड कान टवकारून उभी. "हे घ्या," मी म्हटलं, "हा तुमचा शंभर मीटरचा साठा. घरी न्यायचा असेल तर पिशवी देते."

त्यानं वाकून शिरेची रुंदी बोटांनी मोजली. ह्या वेळी साठा खाली घसरला नाही की वर उचलला गेला नाही. पेटी तशीच सोडून तो निघून गेला. मला वाटलं होतं मला फार आनंद होईल. झालाच, खोटं कशाला बोलू.

यंत्र पुढं चालूच होतं, कारण ठरलेली खोली गाठायची होती. पांढरा खडक आला, पायराइटनं भरलेला. यंत्रावरचे लोक खूश. मग एका सकाळी पेट्या आल्या आणि त्यात रंग बदललेला. गुलाबी-तपकिरी. मळकट. मी पाणी मारलं. बारीक बारीक शिरांचं जाळं, एकमेकींना कापत गेलेलं. भिंगाखाली तांब्याच्या पिवळ्या खनिजाचे ठिपके, पीठ भुरभुरल्यासारखे. आणि शिरांच्या मधोमध करड्या, बुळबुळीत रेघा. बोट फिरवलं तर पेन्सिलीसारखा डाग बोटाला. मॉलिब्डेनम. जन्मभर ज्या माजघराची वाट बघितली, ते हे समोर उघडं पडलं होतं.

लगेच मी कागदावर नळीचा कल मांडला आणि जमिनीवर ही जागा कुठं येते ते काढलं. गल्ली. सरळ गल्लीखाली. स्टुलावर बसून मी तो हिशोब पुन्हा केला, तरी गल्लीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावईबापू आले. पेट्यांच्या ओळीवरून चालत गेले. पाणी मारलं नाही, भिंग काढलं नाही. म्हणाले, "भाजलेला खडक आहे. निकामी. सॅम्पल काढू नका. पेट्या रॅकवर चढवा."

आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, इथं आंधळ्यानंच आमचं घर राखलं होतं! झगमग नाही म्हणजे तांबं नाही, एवढीच ह्याची विद्या. आणि त्याच विद्येनं बाबांचं छप्पर वाचत होतं. मनात म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या अडाणीपणाचा उपयोग झाला. पेट्या वर चढवायला लावल्या. नोंदीत 'तपकिरी खडक' एवढंच लिहिलं. ते काही खोटं नव्हतं. तांबं कोट्यवधी वर्षं वाट बघत बसलंय, बाबा असेपर्यंत आणखी थोडं बसेल, त्याला कुठं गुडघे आहेत. त्या रविवारी मी बाबांकडे भांडी आपटली नाहीत. धाकटीनं विचारलंसुद्धा, "ताई, तुला बरं नाही का?"

डायरेक्टर निकाल ऐकायला शेडमध्येच आले. टेबलावर सतराच्या आणि एकतीसच्या काही पेट्या मांडलेल्या. जावईबापू उभे राहिले. मी हात बांधून तयार होते, म्हटलं आता ऐकू या, अंगण ह्या खेपेला कुठं गेलं ते.

तो म्हणाला, "सतरा नंबर चुकला. चूक माझी. शीर होती, मी साठा समजलो. मला वेळीच सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही. पूर्वेला काही नाही, पश्चिमेलाही काही नाही. इथलं काम बंद करावं."

शेडमध्ये करवतही थांबली. ज्या आकड्यावर हा माणूस जगला, तो त्यानं चार वाक्यांत मोडून टाकला. मीही चकित झाले, नाही म्हणत नाही.

आणि त्या डायरेक्टरनं काय करावं? खूश झाला! "ह्याला म्हणतात हिंमत," म्हणाला. "आमच्याकडे चूक कबूल करणारा माणूस मिळत नाही. तुम्ही मुख्य ऑफिसला या. नव्या मुलांना खडक वाचायला तुम्हीच शिकवा." तिथवरही मी गिळलं. मग तो माझ्याकडे वळला. "आणि बाई, तुमचं सगळं आयुष्य ह्या शेडमध्ये गेलं म्हणे. तिरप्या बोअरचं फार उशिरा सुचवलंत. पेट्या धुण्यापुसण्यातून आधीच मान वर करून जरा बघितलं असतं, तर आमचे एवढे बोअर वाचले असते."

माझ्या कानशिलांतून वाफ निघायला लागली. तरी मी दात आवळले. बाबांचं घर, बाबांचं घर, असं मनात घोकत होते. तेवढ्यात आमचे जावईबापू मध्ये पडले. "त्यांचा दोष नाही, साहेब," ते म्हणाले. "त्या फक्त नोंदी ठेवतात."

फक्त नोंदी ठेवतात!

पुढचं मी केलं की माझ्या हातांनी केलं, देव जाणे. रॅकवरून एकतीसची पेटी खेचली आणि धाडकन टेबलावर टाकली. पाण्याचा मग त्यावर उपडा केला. "मान वर नको, साहेब, खाली करा," मी म्हटलं. "हे भिंग घ्या. हे पिवळे ठिपके दिसतात? तांबं. ही करडी रेघ? बोट लावा. लावा हो, चावत नाही. मॉलिब्डेनम. सोनं ह्या तांब्याच्या पोटात आहे, ते ह्याच्यासारख्या डोंगर बघणाऱ्यांना दिसायचं नाही, ते लॅबला दिसेल. हा साठ्याचा गाभा आहे. आणि ह्या तुमच्या गुरुजींनी त्याला निकामी म्हणून माळ्यावर टाकलाय. हा शिकवणार पोरांना खडक वाचायला!"

"ताई, राहू द्या," जावई म्हणाला.

"का राहू देऊ?"

"ताई, पुरे. हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले होते. मला वाटलं, अब्रू जातेय म्हणून जोडतोय. मला आणखीच चेव आला. डायरेक्टर वाकून बघत होता, बोटावरचा डाग अंगठ्यानं चोळत होता. त्यानं विचारलं, "हे किती खोल जातं?"

"बोअर संपेपर्यंत," मी म्हटलं. "बोअर संपला, हा खडक संपलेला नाही."

"वर काय आहे ह्या जागेच्या?" त्यानं विचारलं. "मोकळी जमीन आहे की वस्ती?"

तेव्हा कुठं माझं तोंड बंद झालं. उत्तर जावयानं दिलं. "वस्ती आहे," तो म्हणाला, आणि खाली एका रिकाम्या पेटीवर बसला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळे गेल्यावर मी बाहेर आले तर जावई करवतीच्या पाण्याच्या नळाजवळ चिखलात उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॉलिब्डेनम मला ओळखता येत नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"तुम्ही तर साधं पाणीसुद्धा मारलं नव्हतं."

"आदल्या संध्याकाळी तुम्ही घरी गेल्यावर मारलं होतं. सगळ्या पेट्यांवर. कुठं येतं तेही काढलं." त्यानं नळ बंद केला, तो नीट बंद होत नव्हता, पुन्हा पिळला. "म्हणून तर सतरा नंबर सोडला, ताई. तो धरून बसलो असतो तर त्यांनी आणखी तिरपे बोअर मारले असते. मीच म्हटलं काही नाही, की लोक गाशा गुंडाळतात."

मी भडकले. ह्या माणसापुढं दुसरं काही सुचतच नाही मला. "मग मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तुम्हाला?" तो म्हणाला. "तुम्ही गप्प बसला असता?"

"मी गप्पच होते! मलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं. मुद्दाम तपकिरी खडक म्हणून लिहिलं. तुम्ही मूर्ख आहात म्हणून निर्धास्त होते!"

आता तो माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मग आज काय झालं?"

ह्याला काय सांगायचं? नोंदी ठेवतात म्हणालात म्हणून? मला वाचवायला बोलला होता तो ते वाक्य, हे मला तेव्हाच, त्या चिखलातच कळलं होतं, आणि कळून आणखी राग आला होता. एवढा शहाणा होता तर इतकी वर्षं मूर्खासारखा का वागला? आणि मूर्खच होता तर ऐन वेळी शहाणपण कुठून सुचलं? माणसानं एक काहीतरी असावं.

"बाबांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको," तो म्हणाला आणि चालायला लागला. मी मागून.

बाबा पुढच्या दारात बसून कुलपाला तेल घालत होते. धाकटीही आली होती, तिनं आमचे चेहरे बघितले आणि हातातलं खाली ठेवलं. जावई ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. बाबांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, म्हणजे सगळ्या गल्लीनं ऐकलं. "बाबा, तांबं ह्या बाजूला निघालं. गल्ली जाणार. मी काढलं ते. बोअर माझा होता."

बाबांनी कुलूप खाली ठेवलं. आधी त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा सांगितलं. मग बाबा उठले, चौकटीला धरून, आणि जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. घरभेदी म्हणाले. ज्या ताटात जेवलास त्यात माती कालवलीस म्हणाले. "माझ्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस." धाकटी रडायला लागली. तो मान खाली घालून उभा. शेजारी दारांत आले होते. मी त्याला इतकी वर्षं बोलले, ते सगळं ह्याच्यापुढं काहीच नव्हतं.

खरं तर इतकी वर्षं मला जे बघायला हवं होतं, ते हेच दृश्य होतं.

"त्यांनी नाही, बाबा," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून ओरडून म्हटलं. "त्यांनी नाही काढलं. ते लपवत होते. स्वतःचं नाव घालवून लपवत होते. मी दाखवलं. चार लोकांत त्यांची फजिती करायला गेले आणि दाखवून बसले."

"ताई," तो म्हणाला, "कशाला."

बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मलाही बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चौकटीवरचा हात काढला, दारातून बाजूला झाले आणि त्याला म्हणाले, "जावईबापू, आत या. चुकलो मी. या, बसा."

तो चिखलाच्या बुटांनी तसाच आत गेला. धाकटी त्याच्या मागून गेली. बाबा सगळ्यात शेवटी, भिंतीला धरून. मला कुणी ये म्हटलं नाही.